‘चाललंय ते चालू दे’ आणि ‘आजच बदल’ यांच्या मधे

प्रश्न : मी कराडजवळच्या एका गावात राहते. गेली सोळा वर्षं घरूनच मराठी टायपिंग आणि डीटीपीची कामं करते: लग्नपत्रिका, दुकानांची बिलबुकं, शाळेच्या प्रश्नपत्रिका, कधी एखादी स्मरणिका. संगणक २०१८ च्या दिवाळीत घेतला. बिलावर आय३-८१००, ४ जीबी रॅम, १ टीबी हार्डडिस्क असं लिहिलंय. त्यावर विंडोज १० आहे. आता रोज ‘सपोर्ट संपला’ असा संदेश येतो. विंडोज ११ चालेल का ते तपासणारं अ‍ॅप भाच्याने टाकून दिलं. त्यात दोन ठिकाणी लाल फुली आली: टीपीएम आणि सिक्युअर बूट. बाकी सगळीकडे हिरवी खूण आहे. दुकानदार म्हणतो, “मशीन जुनं झालं, नवीन घ्या, पस्तीसएक हजार लागतील.” भाचा म्हणतो, “मावशी, कसलीतरी युक्ती करून आजच टाकतो.” आमचे हे म्हणतात, “चाललंय ना? मग हात लावू नकोस.” माझी खरी भीती वेगळी आहे. माझा पेजमेकर (पानं मांडायचा प्रोग्राम), माझे फॉन्ट आणि त्यांचं ते डाँगल (संगणकाला लावून ठेवायची किल्ली) नव्यावर चाललं नाही तर? सोळा वर्षांचं मॅटर आहे. सगळं डी ड्राइव्हला ठेवलंय म्हणून ते सुरक्षित आहे, एवढंच समाधान. ऐन लग्नसराईत हा निर्णय कसा घेऊ?

उत्तर :

प्रिय ताई,

तुमच्या पत्रातली सर्वांत काळजीची ओळ तुम्ही ‘समाधान’ म्हणून लिहिली आहे, म्हणून सुरुवात तिथूनच करतो. सी आणि डी ही एकाच कपाटाची दोन फळकुटं. बिलावर हार्डडिस्क एकच आहे. म्हणजे ती बसली की सी बरोबर डी सुद्धा बसणार. दुकानदाराने फॉरमॅट मारताना ‘डी ला ठेवा, जात नाही’ असं सांगितलेलं असतं आणि ते त्या प्रसंगापुरतं खरंही असतं. पण सात वर्षांहून जास्त फिरलेल्या डिस्कला विंडोज १० काय आणि ११ काय, तिचं मरण स्वतंत्र आहे. तेव्हा हा अंक वाचून झाल्यावर पहिलं काम : बाहेरून लावायची एक हार्डडिस्क आणा, डी जसाच्या तसा तिच्यावर उतरवा, ती काढून कपाटात ठेवा. त्यातल्या चार-पाच फायली त्या डिस्कवरूनच उघडून बघा. हे ऐन लग्नसराईतही करता येतं. रात्री लावून झोपा, सकाळी झालेलं असेल.

आता तारखेचं बघू. विंडोज १० ला मोफत मिळणारी डागडुजी १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबली. तुमचा संगणक त्यानंतरही चालतोय, हे तुम्ही रोज बघताच. त्यामुळे घरातल्यांचं ‘चाललंय ना?’ हे निरीक्षण म्हणून बरोबर आहे, फक्त ते चुकीच्या गोष्टीचं निरीक्षण आहे. बंद पडलंय ते दर महिन्याला नव्याने सापडणारी भोकं बुजवणं, आणि भोक पडलेलं बाहेरून दिसत नाही.

तुम्ही म्हणाल, मी कुठे इंटरनेटवर असते? जरा आठवून बघा. गिऱ्हाईक फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवतं, तुम्ही ते संगणकावर उघडता. शाळेचे सर पेनड्राइव्ह घेऊन येतात, तो आधी आणखी चार ठिकाणी लागलेला असतो. विजेचं बिल, बँक हेही बहुधा तिथेच. १२ मे २०१७ ला ‘वॉनाक्राय’ नावाचा खंडणीखोर प्रोग्राम जगभर पसरला, फायलींना कुलूप लावून पैसे मागू लागला. ब्रिटनमधल्या सरकारी रुग्णालयांना रुग्ण परत पाठवावे लागले. ज्या भोकातून तो शिरला त्याचं ठिगळ मायक्रोसॉफ्टने १४ मार्चलाच दिलेलं होतं. बाधित संगणकांपैकी बहुतेकांवर विंडोज ७ होतं, आणि विंडोज ७ ला तेव्हा डागडुजी मिळत होती! लोकांनी ती लावून घेतली नव्हती, इतकंच. तुमच्याकडे आता लावायला ठिगळच येत नाही. सोळा वर्षांच्या मॅटरला कुणी कुलूप घातलं तर काय, याचा विचार आमच्या मेव्हण्यांनी, म्हणजे तुमच्या यजमानांनी, एकदा करावा.

पण म्हणून भाच्याचं ‘आजच’ बरोबर ठरत नाही. हे मी स्वतःच्या अनुभवावरून सांगतो. विंडोज ७ वरून १० वर फुकट जायची जाहीर मुदत २९ जुलै २०१६ ला संपत होती. मी २८ तारखेच्या रात्री, फुकट ते सोडायचं कशाला म्हणून, घरच्या संगणकावर बटण दाबलं. पहाटे नवी निळी खिडकी दिसली, फार शहाणा असल्यासारखं वाटलं. सकाळी दहाला वडिलांचे पेन्शनचे कागद स्कॅन करून पाठवायचे होते आणि स्कॅनर संगणकाला ओळखच दाखवेना. त्याचा नव्या विंडोजसाठीचा ड्रायव्हर, म्हणजे यंत्राची विंडोजशी ओळख करून देणारा छोटा प्रोग्राम, बनलाच नव्हता, पुढेही बनला नाही. वडील काही बोलले नाहीत, पिशवी उचलून कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्याकडे गेले. मुदत मायक्रोसॉफ्टची होती, काम वडिलांचं होतं, आणि मी कॅलेंडर भलत्याचंच बघितलं.

तुमचं कॅलेंडर काय सांगतं? मे महिन्याच्या पहिल्या पंधरवड्यापर्यंत लग्नसराई. त्याआधी मार्च-एप्रिलमध्ये शाळांच्या वार्षिक परीक्षा. आणि यंदा अधिक ज्येष्ठ आहे, १७ मे ते १५ जून २०२६. त्या महिन्यात लग्नं नाहीत, म्हणजे पत्रिका नाहीत. निज ज्येष्ठातल्या मुहूर्तांची कामं जूनच्या पहिल्या आठवड्यापासून यायला लागतील. म्हणजे १८ मेच्या सोमवारपासून दोन आठवडे तुमचं मशीन जवळपास मोकळं आहे. अधिकात नवं काही सुरू करू नये असं आई म्हणाल्या तर सांगा, नवं नाही, डागडुजी आहे.

तोपर्यंतचे महिने उघड्यावर काढायचे नाहीत. घरगुती वापरकर्त्यांसाठी मायक्रोसॉफ्टने जादा मुदत ठेवली आहे, १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत फक्त सुरक्षेची डागडुजी मिळते. सेटिंग्जमध्ये ‘अपडेट अँड सिक्युरिटी’, त्यात ‘विंडोज अपडेट’ उघडा. तिथे नाव नोंदवण्याचा पर्याय दिसतो. दिसत नसेल तर आधीची सगळी अपडेट्स लावून घ्या, कारण आवृत्ती २२एच२ असावी लागते. मायक्रोसॉफ्टचं खातं लागतं, ते नसेल तर फुकट उघडता येतं. संगणकाच्या सेटिंग्जची प्रत त्यांच्या वनड्राइव्हवर ठेवायला होकार दिला की ही नोंदणी मोफत होते. नाहीतर ३० डॉलर किंवा तेवढ्या किमतीचे रुपये एकदाच भरायचे. मोफतवालं घ्या, पण एक सांभाळा. सेटिंग्जची प्रत द्या, ‘डॉक्युमेंट्स’ आणि ‘डेस्कटॉप’च्या फायली चढवायचा होकार देऊ नका. तिथे फुकट जागा ५ जीबी. तुमच्या दोन स्मरणिकांतच ती भरेल आणि मग जागा विकत घ्या म्हणून तगादा लागेल.

एक अवघड प्रश्न विचारतो, राग मानू नका. तुमचं विंडोज १० पावतीचं आहे का? आपल्याकडे दुकानदार ‘टाकून देतो’ म्हणतो आणि आपण कशावरून टाकलं ते विचारत नाही. सेटिंग्जमध्ये ‘अ‍ॅक्टिव्हेशन’ बघा. डिजिटल लायसन्सने सुरू आहे असं लिहिलेलं असेल तर ११ वर जायला नवा पैसा लागत नाही. नसेल, तर तुमच्या हिशोबात विंडोजची किंमत धरा. ती धरूनही नव्या संगणकापेक्षा हे स्वस्तच पडेल.

आता दुकानदाराचं ‘मशीन जुनं झालं’. विंडोज ११ साठी इंटेलचे प्रोसेसर ढोबळमानाने आठव्या पिढीपासून पुढचे चालतात. तुमच्या बिलावरचा आय३-८१०० आठव्या पिढीचाच आहे. म्हणून तर त्या ओळीपुढे हिरवी खूण आली! लाल फुल्या ज्या दोन गोष्टींपुढे आल्या, त्या बहुतेक तुमच्या मशीनमध्ये आहेत आणि नुसत्या बंद आहेत. टीपीएम म्हणजे किल्ल्या ठेवायची छोटी तिजोरी. इंटेलच्या या पिढीत ती प्रोसेसरबरोबरच येते, बायोसमध्ये (विंडोजच्याही आधी उघडणाऱ्या मूळ सेटिंग्जमध्ये) तिचं नाव ‘पीटीटी’ असतं, आणि त्या काळातल्या कितीतरी मदरबोर्डांवर ती बंद ठेवूनच यायची. सिक्युअर बूट, म्हणजे संगणक सुरू होताना अनोळखी प्रोग्रामला अडवणारा पहारेकरी, त्याचंही तसंच. संगणक ‘लेगसी’ या जुन्या पद्धतीने सुरू होत असेल तर ते दिसत नाही, ‘यूईएफआय’ या नव्या पद्धतीवर आणलं की दिसतं. जाणत्या माणसाचं हे पंधरा मिनिटांचं काम. दुकानदार लबाड आहे असं मी म्हणत नाही. नवं मशीन विकणाऱ्याला लाल फुली लवकर दिसते, एवढंच.

भाच्याला मात्र सांगा की युक्तीची गरज नाही. त्याच्या मनात जे आहे ते तपासणी चुकवून ११ बसवणं, आणि त्याला वाटा आहेतही. पण अशा मशीनला पुढची अपडेट्स मिळतीलच असं मायक्रोसॉफ्ट मानत नाही. सहाव्या-सातव्या पिढीच्या संगणकाचा हौशी मालक करो बापडा. ज्या यंत्रावर घर चालतं, त्यावर मागच्या दाराने कशाला जायचं?

तुमचं मशीन रखडतं असं तुम्ही लिहिलेलं नाही, पण ४ जीबी आणि फिरती हार्डडिस्क म्हटल्यावर मला ते इथून ऐकू येतंय. ‘प्रिंट’ दाबून चहा ठेवून येत असाल. ४ जीबी ही विंडोज ११ ची किमान अट आहे, म्हणजे पास व्हायला पस्तीस गुण. रॅम निदान ८ करा. आणि एसएसडी, म्हणजे आत काहीच न फिरणारी झटपट डिस्क, बसवा, २५६ जीबीची पुरे. सगळ्या खर्चात जाणवणारा फरक या एका वस्तूने पडतो, विंडोज कुठलंही असो.

एसएसडी सुचवण्यामागे वेगापेक्षा मोठं कारण आहे, आणि तुमच्या खऱ्या भीतीचं उत्तरही तिथेच आहे. सहसा लोक जुन्या विंडोजवरच नवं चढवतात. मागे फिरायला विंडोज दहा दिवस देतं. त्यानंतर जुन्याची प्रत पुसली जाते. तुमच्यासारखीला दहा दिवस कसे पुरणार? एखाद्या फॉन्टमधलं ‘ज्ञ’ बिघडलेलं आहे हे महिन्याने येणाऱ्या पत्रिकेतच कळायचं. म्हणून जुन्यावर काही चढवूच नका. जुनी हार्डडिस्क केबल काढून अलगद बाजूला ठेवायची. नव्या कोऱ्या एसएसडीवर विंडोज ११ बसवायचं. चाललं, उत्तम. नाही चाललं, तर एसएसडीची केबल काढा, जुनी लावा, तुमचं जुनं घर जसंच्या तसं : तोच पेजमेकर, तेच डाँगल, डेस्कटॉपवर तीच आयकॉनची गर्दी. दोन महिन्यांनीसुद्धा. फक्त जुनी डिस्क लावताना बायोसमधला ‘लेगसी’चा पर्याय परत चालू करावा लागू शकतो. तंत्रज्ञाकडून दोन्ही वेळची सेटिंग्ज कागदावर लिहून घ्या आणि तो कागद कॅबिनेटच्या आतल्या बाजूला चिकटवा. जुनी डिस्क लावाल तेव्हा इंटरनेटची वायर काढलेली असू दे.

पेजमेकर नव्यावर चालेल का? त्याची शेवटची आवृत्ती, ७, ही २००१ सालची. विंडोज ११ फक्त ६४ बिटमध्ये येतं. त्यावर ३२ बिटचे प्रोग्राम चालतात, त्याहून जुने १६ बिटचे अजिबात चालत नाहीत; आणि काही जुन्या सीडींवर प्रोग्राम ३२ बिटचा पण तो बसवणारा भाग १६ बिटचा, अशी गंमत असते. त्यामुळे आधी ‘सेटिंग्ज, सिस्टीम, अबाउट’मध्ये तुमचं आत्ताचं विंडोज किती बिटचं आहे ते बघा. ६४ असेल तर अर्धी काळजी गेली, कारण तुमचं सगळं सामान आजच ६४ वर चालतंय. ३२ असेल (४ जीबीच्या मशीनवर दुकानदार ते टाकत असत), तर ११ कोऱ्या जागेवरच बसवावं लागतं, आणि एसएसडीची वाट आपोआपच योग्य ठरते.

खरी गाठ डाँगलची. आपल्या मराठी फॉन्टवाल्यांचं कुलूप त्यात असतं, आणि त्याला विंडोज ११ च्या ६४ बिटचा ड्रायव्हर लागतो. हे मेमध्ये नाही, आत्ताच करा. सॉफ्टवेअर ज्यांच्याकडून घेतलं त्यांना फोन लावा, तुमची आवृत्ती सांगा आणि ‘११ वर चालते का’ असं मोघम न विचारता ‘ड्रायव्हर देता का, आणि आवृत्ती बदलावी लागली तर किती’ असं विचारा. उत्तर मेलवर मागा. सीडी असतील तर त्या पेनड्राइव्हवर उतरवून ठेवा, सिरीयल नंबरांचे फोटो काढा. प्रिंटरचाही ड्रायव्हर आत्ताच उतरवून ठेवा. माझ्या स्कॅनरची कहाणी वाचलीतच.

जर उत्तर ‘नाही’ आलं तर? तर जुनी डिस्क हीच तुमची जुन्या कामाची खोली. ती विना-इंटरनेट चालवा, आणि नवं काम नव्यावर युनिकोडमध्ये, म्हणजे कुठल्याही संगणकावर मराठी मराठीच दिसतं त्या अक्षरपद्धतीत, सुरू करा. सोळा वर्षांची फाईल दुसऱ्याच्या संगणकावर उघडल्यावर काय होतं ते तुम्ही पाहिलंच असेल : ‘श्री गणेशाय नमः’च्या जागी इंग्रजी अक्षरं, टोप्या आणि डॉलरची चिन्हं. तुमचा फॉन्ट तिथे नसेल तर ते मॅटर मराठी उरतच नाही. पेजमेकरला युनिकोड कळत नाही. इनडिझाइनला कळतं, फुकटात हवं असेल तर स्क्रायबसची १.६ आवृत्ती बघा. हात बसायला दोन-तीन महिने जातील, चिडचिड होईल. हे काम या निर्णयाला जोडू नका, नाहीतर दोन्ही राहतील. पण पुढच्या वर्षाच्या स्मरणिकेपुरतं तरी डोक्यात ठेवा.

तुमच्यासारख्या इतरांसाठी थोडं. मशीन सातव्या पिढीचं किंवा त्याआधीचं असेल तर ऑक्टोबर २०२६ पर्यंतच्या जादा मुदतीत नाव घाला आणि तोवर पैसे बाजूला टाकत जा. संगणकावर फक्त बातम्या, मेल आणि बँक असेल तर विंडोजच्या जागी बसणारं, फुकट मिळणारं लिनक्स मिंट नक्की करून बघा. जुन्या मशीनवर ते गुण्यागोविंदाने चालतं, मराठीही लिहिता येतं (डाँगलवाल्यांनी त्या वाटेला जाऊ नये). आणि जे चिरंजीव पुण्याहून किंवा परदेशातून आईवडिलांना फोनवर ‘खाली उजवीकडे दाबा, दिसलं का?’ करतात, त्यांनी हे काम दिवाळीत घरी येऊन करावं... नव्हे, दिवाळी उशिरा आहे, गणपतीत करावं.

हल्ली ‘तुमच्या विंडोजची मुदत संपली, आम्ही कंपनीतून बोलतोय, एवढं अ‍ॅप टाका’ असे फोनही येतात. मायक्रोसॉफ्ट कुणाला आपणहून फोन करत नाही. बोलणं गोड असलं तरी ठेवून द्या.

बसवताना मायक्रोसॉफ्टच्या खात्याने आत गेलात तर विंडोज ११ नवी डिस्क आपोआप कुलूपबंद करू शकतं. कधी ते कुलूप अडलं तर उघडायची लांबलचक किल्ली त्या खात्यातच असते. म्हणून खात्याचा पासवर्ड गॅसचा नंबर ज्या वहीत आहे त्याच वहीत लिहा. कुणी काही म्हणो, घरातली ती एकच वही वेळेवर सापडते.

१८ मेला भाच्याला बोलवा. हौस आहे, हात आहे, फक्त दिशा तुम्ही द्या. बसवून झाल्यावर खेळत बसू नका, एक खरी पत्रिका काढा. या वर्षातली सर्वांत किचकट निवडा : वरचा गणपती, दोन्हीकडची बॉर्डर, निमंत्रकांची आडनावं, ज्ञ-श्र-क्ष-ऋ सगळं असलेली. ट्रेसिंग पेपरवर प्रिंट घ्या आणि जुन्या ट्रेसिंगवर ठेवून खिडकीच्या उजेडात धरा. ओळी सरकल्यात का, रफार पुढच्या अक्षरावर गेलाय का, बघा. तळाशी ‘आमच्या मामाच्या लग्नाला यायचं हं!’ असेलच. त्या ‘हं’वरचा अनुस्वार जुन्यावर बरोबर बसला, की केबल तशीच राहू द्या आणि कॅबिनेटचं झाकण लावा.